पाच नंबरची घंटा

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिताना पेन अडखळलं. पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला येत नाही, आणि शिवीने सुरुवात केली तर तू पुढचं वाचणार नाहीस. पुढचं तू वाचायलाच हवंस. फोन मी मुद्दाम केला नाही. फोनवर तू फार छान बोलतोस. पाच मिनिटांत मलाच वाटायला लागतं की चूक माझी आहे, आणि मी "बरं, जेवलास का" वर येते. या वेळी मला शेवटपर्यंत रागात राहायचं आहे, म्हणून कागद घेतला.

मागच्या महिन्यात आपली म्हातारी बंद पडली हे सांगायला मी तुला फोन केला होता. तिचं नाव तरी आठवतं ना? पत्रा वाकवायची आपली प्रेस. बाबांनी तुझ्या जन्माआधी घेतलेली आणि तू कॉलेजात असताना कॉम्प्युटरला जोडलेली. तू लगेच म्हणालास, "भंगारात घाल ती. मी नवीन घेऊन देतो." मला भरून आलं होतं रे. मी वेल्डरकाकांना सांगितलंसुद्धा, बघा, लांब राहतो पण जीव आहे त्याचा वर्कशॉपवर. मग मी म्हणाले की बाबा हल्ली दुपारी येऊन आत बसतात, त्यांना बरं वाटतं. तेव्हा तू आवाज खाली आणून म्हणालास, "बाबांना मशीनजवळ फिरकू देऊ नकोस. त्यांचं लक्ष नसतं. काय झालं होतं ते विसरलीस का?"

नाही विसरले. हे पत्र त्याबद्दलच आहे. पण आधी गेले तीन आठवडे मी काय केलं ते ऐक. तुला त्यातलं अक्षर न् अक्षर कळेल, कारण हे सगळं मला तूच शिकवलेलं आहे.

बिघाड म्हातारीचा नव्हताच. तिच्या कॉम्प्युटरची डिस्क खटखट करून मेली. नवीन कॉम्प्युटर आणून जोडावा म्हटलं, तर म्हातारीला चालवणारं कार्ड लांबुळकं, जुन्या पद्धतीचं. आजच्या कॉम्प्युटरात ते बसवायला खाचच नाही. कार्ड बनवणारी कंपनी कधीच बंद झाली, आणि त्याचा प्रोग्रॅम चालतो फक्त त्या जुन्या सिस्टीमवर, जी आता कोणी फुकट दिली तरी घेणार नाही. सगळे म्हणाले, सोड. एका दवाखान्याच्या खाटांची ऑर्डर होती, तिचे कंस, म्हणजे ब्रॅकेटं, अर्धे वाकवून झाले होते आणि अर्धे सपाट पडले होते. मी सोडलं नाही. तुझं सोडलेलं धरून बसायची मला सवय आहे.

भंगारवाल्याकडे तीन खेपा घातल्या. शेवटी त्याने पत्र्याच्या कपाटामागून एक जुना डबा काढला, त्यात ती लांब खाच होती. सोबत एक मॉनिटर दिला, खाली बारके स्पीकर असलेला. म्हणाला, "ताई, हा चालला तर मला फोटो पाठवा, माझाच विश्वास नाही." घरी तुझ्या कपाटात जुन्या सिस्टीमची सीडी होती, तिच्यावर तुझ्या अक्षरात 'हात लावू नये' लिहिलेलं. लावला.

पहिला दिवस सीडी ओळखण्यात गेला. फ्लॉपीवरून सुरू करायचं, मग सीडीला जागं करायचं, मग सगळ्या फायली आधी डिस्कवर उतरवून तिथून सिस्टीम बसवायची, हे तुझ्या जुन्या वहीत सापडलं. दुसऱ्या दिवशी सिस्टीम अर्ध्यावर येऊन निळी पडायची. चार वेळा पडली. पाचव्यांदा लक्षात आलं की डब्यात मेमरीच्या दोन पट्ट्या आहेत आणि त्या बिचारीला एवढी झेपत नाही. एक पट्टी काढली, झाली सुरू. मेमरी कमी पडते म्हणून रडणारी माणसं पाहिली होती, जास्त झाली म्हणून चक्कर येणारं यंत्र पहिल्यांदा पाहिलं. वेल्डरकाका म्हणाले, "आमच्या बायकोलाही असंच कोणीतरी एक पट्टी काढून द्या." खूप हसलो. त्या दिवसापर्यंत हसत होते मी.

मग म्हातारीचं कार्ड बसवलं आणि उपकरणांच्या यादीत त्याच्यापुढे पिवळं चिन्ह आलं. दोन कार्डांचा एकाच नंबरवर दावा. तू मला हे कसं शिकवलं होतंस आठवतं? मी सातवीत होते. तू म्हणाला होतास, समज एका घराला पंधरा-सोळा घंटा आहेत. प्रत्येक पाहुण्याची घंटा ठरलेली. आत बसलेला माणूस नुसत्या घंटेवरून ओळखतो की कोण आलंय, उठून बघत नाही. दोन पाहुण्यांना एकच घंटा दिली तर आतला माणूस भलत्यालाच दार उघडतो. मला ते इतकं आवडलं होतं की मी महिनाभर मैत्रिणींना सांगत फिरत होते. तर म्हातारीच्या कार्डाची घंटा पाचवी. ती बदलता येत नाही, कार्डावरची पिन कोणीतरी सोल्डरचा डाग देऊन पक्की केली आहे. म्हातारीचं पायाचं पेडल दाबलं की कार्ड पाचवी घंटा वाजवतं, आणि प्रोग्रॅम काही न विचारता वरचा जबडा खाली आणतो. मी बघितलं तर पाच नंबरवर नेटवर्कचं कार्ड येऊन बसलं होतं. ते काढलं. पिवळं चिन्ह गेलं. यादी स्वच्छ. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी घेतली. जबड्यात साचा बसवला नव्हता, खाली लाकडाचे ठोकळे ठेवले होते, पेडल उचलून टेबलावर ठेवलं होतं. ही सगळी खबरदारी मी घेते, कारण आपल्या घरात काय झालंय ते मला माहीत आहे. मी कॉम्प्युटरसमोर उभी होते. फ्लॉपी आत नसताना उघडायला गेले, तर इशाऱ्याची चौकट आली आणि मॉनिटरचे ते बारके स्पीकर वाजले, टुंग. आणि म्हातारी खाली आली.

वेल्डरकाका पाच हातांवर होते. त्यांनी चष्मा वर केला. "पाय पडला का गं पेडलवर?"

"पेडल टेबलावर आहे, काका."

मग मी पुन्हा रिकाम्या फ्लॉपीवर गेले. टुंग. खाली आली. सहा वेळा केलं, चार वेळा आली. त्या डब्यात आवाजाची चिप मुख्य पाटीवरच होती आणि जुन्या खेळांसाठी ती गुपचूप पाच नंबर धरून बसली होती, यादीत न दाखवता. आवाज संपला की ती पाचवी घंटा मारायची आणि प्रोग्रॅमला वाटायचं, पेडल दाबलं. उपाय अर्ध्या तासाचा होता. डबा सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यात जाऊन आवाज बंद केला, पाच नंबर फक्त जुन्या कार्डासाठी राखून ठेवला. संपलं. पण मी तो उपाय दुपारी केला. सकाळभर मी पत्र्यांच्या थप्पीवर बसून होते.

कारण मला दवाखाना आठवला. मी शाळेतून थेट तिथे आले होते, गणवेशात. बाबा शुद्धीवर आले, उजव्या हाताला हे एवढं पांढरं गाठोडं, दोन बोटं अख्खी आणि एक अर्धं गेलेलं. आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "आधी काहीतरी वाजलं." त्यांनी ते डॉक्टरांना सांगितलं. आईला सांगितलं. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला सांगितलं. मी पेडलवर नव्हतो, आधी काहीतरी वाजलं, मग ती खाली आली. आणि तू पलंगाच्या पायथ्याशी उभा होतास. तू हळू, समजुतीने म्हणालास, "बाबा, त्या कॉम्प्युटरला आवाजच नाही. वाजेल कसं?" अधिकाऱ्याने डबा उघडून पाहिला, आवाजाचं कार्ड नव्हतं. त्याने लिहिलं, चालकाचा निष्काळजीपणा. बाबांनी त्याखाली डाव्या हाताने सही केली. ती सही पहिलीतल्या मुलाची वाटत होती.

तरीही मी पत्र्यांवर बसून तुझ्या बाजूने विचार करत होते, हे तुला सांगते. मी म्हटलं, त्याला तरी काय कळणार. बावीस वर्षांचा होता. कार्ड लावलं असेल, काढलं असेल, दोन गोष्टींचा संबंध त्याच्या डोक्यात आला नसेल. दुपारपर्यंत तू माझ्या लेखी निर्दोष होतास.

दुपारी म्हातारीच्या मापांच्या फायली हव्या होत्या म्हणून तुझ्या जुन्या फ्लॉप्या काढल्या. पाचातल्या तीन वाचल्या गेल्या. तिसरीवर मापांबरोबर एक छोटी फाईल होती. लिपी इंग्रजी, भाषा आपली. तुझी कामाची रोजनिशी. तू सगळं तारीखवार लिहायचास, किती कौतुक करायचे बाबा त्याचं. मी तुला तुझंच वाचून दाखवते. अपघाताच्या सहा दिवस आधी, 'साउंड कार्ड लावलं. रात्री सगळे गेल्यावर गाणी लावली, मस्त वाजतात.' चार दिवस आधी, 'पेडल न दाबता एकदा खाली आली. पाच नंबरवर दोघं आहेत वाटतं. पुढच्या आठवड्यात बघतो.' अपघाताच्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी, 'साउंड काढलं. दहा वेळा चालवून पाहिलं. आता ठीक.'

दुसऱ्या दिवशी बाबांना पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं होतं. आई आणि मी बाकावर बसलो होतो. तू म्हणालास, मी घरी जाऊन अंघोळ करून येतो. आई म्हणाली, जा रे बाळा, कालपासून उभा आहेस. तू घरी गेला नव्हतास. तू वर्कशॉपात जाऊन, फरशीवरचं अजून पुसलेलं नसताना, तिथे उभं राहून ती दहा वेळा चालवून पाहिलीस. मग येऊन पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलास आणि बाबांना म्हणालास, वाजेल कसं. दादा, मी ही तीन वाक्यं किती वेळा वाचली ते सांगत नाही. 'आता ठीक' वर माझं डोकं अजून सटकतं. काय ठीक?

तुला 'पुढच्या आठवड्यात बघतो' मी एक वेळ माफ केलं असतं. तेवढा आळस सगळेच करतात, मीही करते. एक चिठ्ठी डकवायची होती पडद्यावर, 'म्हातारी खोटी चालते, हात घालू नका.' तुला सीडीवर 'हात लावू नये' लिहायला वेळ मिळाला. पण तेही जाऊ दे. नंतरचं कुठे ठेवू? एकवीस वर्षं. आई त्यांना जाता-येता टोचायची, "लक्ष कुठे असतं हो तुमचं." दूध उतू गेलं तरी तेच, किल्ली हरवली तरी तेच. ती प्रेमानेच बोलायची, भीतीने बोलायची, पण बोलायची, आणि ती तसंच समजून गेली. शेवटच्या आजारात मला म्हणाली, यांना एकटं सोडू नकोस, यांचं लक्ष नसतं. तू तेव्हा खोलीत होतास. खिडकीबाहेर बघत होतास. मी समजले, रडतोय.

बाबांनी पहिलं वर्षभर 'काहीतरी वाजलं' म्हणून पाहिलं. मग म्हणायला लागले, भास झाला असेल. मग म्हणेनासेच झाले. स्कूटर विकली. घरातला बल्ब बदलायलाही मला हाक मारायचे. ज्या माणसाला नुसत्या हाताच्या दाबावरून पत्र्याची जाडी कळायची, तो माणूस बाहेर पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वेळ सांगायला लागला. तुझी मुलगी सहा महिन्यांची असताना तू तिला घेऊन आलास, तुझ्या बायकोने ती त्यांच्या पुढे धरली, आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. म्हणाले, "नको, माझ्या हाताचा भरवसा नाही." तू त्याचा फोटो काढलास. त्यात बाबा तिच्याकडे वाकून बघताहेत आणि हात मागे बांधलेले. तो तुझ्या दिवाणखान्यात लावलेला मी पाहिलाय. रोज त्याच्यासमोर चहा पितोस तू.

आणि मी. माझंही सांगते, आज सांगूनच टाकते. मी बारावीनंतर शिकायचं सोडून म्हातारीसमोर उभी राहिले, कारण तू म्हणालास, मला बाहेर नोकरी लागलीय, बाबांना तर आता प्रेसवर ठेवता येणार नाही. मला हे काम आवडतं, ती गोष्ट वेगळी. पण मी ते आवडून घेतलं की मला ढकललं गेलं, हे एकवीस वर्षांनंतर मला फ्लॉपीवरून कळावं? तू दर दोन वर्षांनी म्हणायचास, ती प्रेस काढून टाक, मी नवीन देतो. मला ते औदार्य वाटायचं. तुला ती भंगारात वितळलेली हवी होती.

मला तुझा इतका राग आलाय की दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. वेल्डरकाकांना वाटलं, सिस्टीम परत पडली. मी तुझे जुने कपडे, वह्या, ते कपाट, सगळं अंगणात काढून ठेवलं. मग परत आत आणलं, कारण बाबांनी विचारलं, त्याच्या खोलीला रंग देतेस का?

परवा सकाळी मी बाबांना पायरीवरून उठवून आत आणलं. दाखवण्यापुरता आवाज परत सुरू केला, त्यांना म्हातारीपासून चार हात लांब स्टुलावर बसवलं आणि पेडल त्यांच्या मांडीवर ठेवलं, म्हणजे शंका नको. टुंग झालं, जबडा खाली आला. बाबा पुढे वाकले. म्हणाले, "परत कर." मी परत केलं. तिसऱ्यांदाही करायला लावलं. मग मांडीवरच्या पेडलकडे बघत म्हणाले, "हेच. असंच वाजलं होतं." मी त्यांना घंटांची गोष्ट सांगितली, दोन पाहुणे आणि एक घंटा, आणि तेव्हाही त्या डब्यात आवाजाचं काहीतरी लपलेलं असणार एवढं. ते मन लावून ऐकत होते, मध्ये एक प्रश्न विचारला, अगदी बरोबर प्रश्न. लक्ष नसलेल्या माणसाचा नव्हता तो. दुपारी त्यांनी पत्रा मागितला आणि उरलेल्या बोटांत सुई धरून कंसाच्या खुणा मारल्या, वाकड्यातिकड्या. मी आवाज बंद करून, पाच नंबर राखून, त्याच खुणांवर पत्रा वाकवला.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. खुणा मारून झाल्यावर त्यांनी मान खाली ठेवूनच विचारलं, "त्याला माहीत होतं का गं?" ती फ्लॉपी माझ्या एप्रनच्या खिशात होती. मी म्हणाले, "नाही बाबा. त्याला कसं माहीत असणार." त्यांनी सुई पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "पोरगाच होता तो. तुझ्याकडून कळलं तर खचेल. मीच सांगतो त्याला नीट." ते रविवारी सकाळी तुला फोन करणार आहेत, म्हणून हे पत्र कुरियरने पाठवतेय. काय बोलायचं ते कालपासून जुळवताहेत, मधूनमधून पुटपुटतात. ते तुला सांगतील की तुझी चूक नव्हती, वाईट वाटून घेऊ नकोस, कोणालाच कळण्यासारखं नव्हतं. तेव्हा तू म्हणायचंस, "मला माहीत नव्हतं, बाबा." एवढंच. कबुली द्यायची नाही. तुला आता ते करावंसं वाटेल, मी ओळखते तुला, हे पत्र वाचल्यावर तुला रडून मोकळं व्हावंसं वाटेल. ते चालणार नाही. त्यांचा हात त्यांना नुकता परत मिळालाय, त्याच आठवड्यात मुलगा गमवायला मी देणार नाही. ते तुझी समजूत काढतील, आणि ती समजूत तू शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आहेस.

तुझीच, कारण ते काही मला बदलता येत नाही,
धाकटी